खाडीच्या पाण्याची परीक्षा माशाच्या यकृतावरून

उरण तालुक्यांतील खारजमिनींत भाताच्या जोडीस तळ्यांत जिताडा पाळण्याची रीत आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरची आहे. या माशाचें बीज गोड्या तळ्यांत निपजत नाहीं. पूर्वापार तें खाडींतूनच आणीत आले आहेत. सबब खाडींतील माशांच्या प्रजननास अपाय झाल्यास त्याची झळ आपल्या तळ्यास लागल्यावांचून राहत नाहीं.

फुंडे येथील वीर वाजेकर महाविद्यालयांतून उरणच्या खाड्यांतील पाण्याचे व जीवांचे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. पाण्याच्या नेहमींच्या परीक्षेंत प्राणवायु, क्षार, गढूळपणा इत्यादि मोजतात. परंतु एक दोष या मापांत सांपडत नाहीं. मादीच्या शरीरांत उत्पन्न होणारा इस्ट्रोजेन नांवाचा स्राव, गर्भनिरोधक गोळ्यांतील त्याचा कृत्रिम प्रकार, व कांहीं धुण्याच्या द्रव्यांपासून उरणारें नोनिलफेनॉल हीं सांडपाण्याबरोबर वाहत येतात. गुरांच्या मुतांतही हा स्राव असतो.

हा दोष ओळखण्याचें साधन खुद्द मासाच होय. मादी अंड्यावर येते तेव्हां या स्रावाच्या योगानें तिच्या यकृतांतील एक जनुक जागें होतें. त्याच्या आज्ञेची नक्कल म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए. तयार होते, व तिजवरून व्हायटेलोजेनिन हें प्रथिन बनून अंड्यांतील बलकास पुरविलें जातें. नराच्या यकृतांतही तें जनुक असतें, पण निजलेलें. आपल्या उघाडीची झडप पाण्याच्या दाबानें हलते. तें पाणी कोणाच्या शेतांतलें, हें ती पाहत नाहीं. तद्वत् कृत्रिम द्रव्य आलें तरी नराचें जनुक जागें होतें. मग ज्याला अंडीं घालावयाचींच नाहींत, त्याच्या यकृतांत बलकाची सामग्री तयार होऊं लागते.

ही नक्कल थोड्याच दिवसांत वाढते व कारण दूर होतांच लवकर ओसरते. प्रथिन मात्र रक्तांत पुष्कळ दिवस टिकतें. म्हणून नकलेवरून ताजा दोष कळतो, तर प्रथिनावरून मागचाही.

इंग्लंडांत नर ट्राउट मासे पिंजऱ्यांत घालून सांडपाण्याच्या मुखाशीं ठेविले असतां त्यांच्या रक्तांत हें प्रथिन अतोनात वाढलें, असें 1994 सालीं प्रसिद्ध झालें. कानडा देशांत 2001 पासून तीन उन्हाळे एका सरोवरांत गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरास सुमारें 5 ते 6 नॅनोग्राम इतकें राखलें. 5 नॅनोग्राम म्हणजे 20 कोटी लिटर पाण्यांत एक ग्राम! तेवढ्यानेंच तेथील मिन्नो जातीचे लहान मासे जवळजवळ नामशेष झाले. पुढें द्रव्य थांबविल्यावर कांहीं वर्षांनीं त्यांची संख्या सावरली. अर्थात् वेळीं कळल्यास उपाय आहे.

परीक्षा करितांना सावधगिरी हवी. जिताडा प्रथम नर असून वय वाढल्यावर स्वभावतःच मादी होतो. तेव्हां मोठ्या जिताड्यांत हें प्रथिन सांपडल्यास पाण्यास दोष देतां येणार नाहीं. याकामीं टिलापियाचे ओळखलेले नर बरे. सोयाबीनयुक्त खाद्यांतही इस्ट्रोजेनसारखीं द्रव्यें असतात. म्हणून संशयित जागीं व स्वच्छ जागीं ठेविलेल्या माशांस एकच खाद्य द्यावें. शिवाय ही परीक्षा दोष आहे एवढेंच सांगते. तो कोणत्या द्रव्याचा, हें रसायनशाळेंतच ठरतें. एवढ्यावरून मासा खाण्यास वाईट, असेंही ठरत नाहीं.

आतां आपलें कर्तव्य. वस्तीचें गटार व गोठ्याचें पाणी तळ्यांत सोडूं नये. भरतीचें पाणी घेणें झाल्यास आरंभींचें जाऊं देऊन भर भरतीचें घ्यावें. कारण ओहोटीनें उतरलेलें सांडपाणी प्रथम परततें. यकृताची परीक्षा एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतील नव्हे. ज्यांचीं तळीं एकाच खाडीवर आहेत, त्यांनीं एकत्र येऊन वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणीं विचारणा करावी, अशी आमची सूचना आहे. बांध फुटला तर तो डोळ्यांस दिसतो. हा फुटवा डोळ्यांस दिसणारा नव्हे.