जुनं गवत कापणी मशीन (कटरबार) घेताय? इसार देण्याआधी हे वाचा



पाऊस उघडायला लागलाय, डोंगरावरचं आणि बांधावरचं गवत फुलोऱ्यात येतंय. कुसळ धरायच्या आत कापलं तर वर्षभराची चांगली वैरण, नाहीतर जनावराच्या तोंडात टोचणारा काडीकचरा. मजूर मिळत नाही म्हणून ग्रुपवर रोज एखाद्या जुन्या मशीनचा फोटो येतो, "ताई, हे घेऊ का?" फोटोवरून मला काही सांगता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक सांगते. मागच्या हंगामात एका सभासदांबरोबर मी स्वतः मशीन बघायला गेले होते. पहिल्याच दोरीला इंजिन चालू झालं, आवाज स्वच्छ, धूर नाही. मी म्हटलं, घ्या दादा. शेतात घातलं तर दर दहा पावलांवर गवत अडकायचं. नवीन पाती टाकली, तरी तेच. शेवटी गवत उभ्या-उभ्या वाळलं, कुसळं आली आणि राहिलेलं विळ्यानेच कापावं लागलं. मशीनचे पैसे गेले ते गेले, मजुरीही दुप्पट. मी इंजिन बघितलं होतं, बार बघितलाच नव्हता.

*हे मशीन कापतं कसं?*
कात्रीसारखं. वरची दांडी डावी-उजवी पळते, तिच्यावर तिकोनी पाती असतात. खाली पुढे आलेली लोखंडी बोटं असतात आणि त्या बोटांच्या आतल्या बाजूला स्थिर धार असते. पातं आणि बोट यांच्यामध्ये काडी सापडली की तुटते. कात्रीचं एकच पातं धारदार असून चालत नाही ना, तसंच इथे. बोटाची आतली कड झिजून गोल झाली असेल, तर वर कितीही नवं पातं टाका, गवत कापलं जात नाही, चघळलं जातं. आमचं नेमकं हेच झालं होतं.

*बघायला जाल तेव्हा*
पोचल्या-पोचल्या इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी चालू करून ठेवलंय. थंड होऊ द्या, चहा घ्या, मग स्वतः चालू करा. तेल बघा, धूर बघा. इंजिनचं काम आपल्या गावातला मिस्त्रीही करतो, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नका.

आता इंजिन *बंद* करा, पेट्रोलचं असेल तर प्लगची टोपी काढून ठेवा आणि बारपाशी बसा. एका टोकाच्या बोटापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरा. सगळी बोटं एका रेषेत पाहिजेत. एखादं वर-खाली असेल तर ते दगडावर आपटलंय. एक-दोन वाकडी असतील तर ठोकून सरळ होतात. पण मुख्य बारच कमानीसारखा वाकला असेल किंवा त्यावर जुनं वेल्डिंग दिसत असेल, तर सरळ घरी या.

मग पुली हाताने (हातमोजा घालून, पात्यांपासून लांब राहून) सावकाश फिरवा आणि दांडी एका टोकाला नेऊन थांबवा. त्या जागी प्रत्येक पात्याचा मध्य बोटाच्या मध्यावर आला पाहिजे. दुसऱ्या टोकालाही तसंच. एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे अलीकडेच थांबत असेल, तर चालवणाऱ्या दांड्याची लांबी चुकलीय किंवा बुश झिजलाय. बुश बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून मागा. दांडी धरून पुढे-मागे, वर-खाली हलवा. खुळखुळ वाजत असेल तर वरच्या दाबपट्ट्या आणि खालच्या घासपट्ट्या गेल्यात.

एक काम बरेच जण विसरतात. पातं आणि बोट इथे मिळतं का, हे आधी विचारा. बऱ्याच मशीनवर पात्याची रुंदी ३ इंच म्हणजे ७६ मिमी असते, पण भोकांचं अंतर आणि जाडी वेगळी निघते. एक जुनं पातं मागून घ्या आणि दुकानात जुळवून बघा. सुटे भाग मिळत नसतील तर फुकटचं मशीनही महाग पडतं.

आणि उभ्या हिरव्या गवतात अर्धा तास चालवल्याशिवाय इसार देऊ नका. मालक "गवत नाही हो आत्ता" म्हणाला, तर "गवत येईल तेव्हा येतो" म्हणा.

*घेतल्यावर*
गुळगुळीत पात्याला धार फक्त वरच्या उताराकडून लावायची, खालची सपाट बाजू घासायची नाही. मूळ उतार जसा आहे तसाच ठेवा. ग्राइंडर टेकवून धरलात की पातं निळं पडतं, मग पोलाद मऊ होतं आणि धार दोन दिवस टिकत नाही. थोडं-थोडं घासा, नाहीतर कानस वापरा. दातेरी पात्याला धार लावायची नसते, झिजलं की बदलायचं.

पातं बदलताना दांडी वाईसमध्ये घट्ट धरून पात्याच्या मागच्या कडेवर हातोड्याचा घाव घाला, रिव्हेट तुटतात. नवा रिव्हेट घट्ट बसवा, पातं हललं नाही पाहिजे. पातं वेल्डिंगने चिकटवू नका, पुढच्या वेळी दांडीच खराब होते. दाबपट्टी एवढीच दाबा की दांडी हाताने सरकली पाहिजे. जास्त दाबली तर बार तापतो, सैल ठेवली तर गवत पात्याखाली घुसतं.

काम चालू असताना मधूनमधून दांडीवर तेलाचे थेंब सोडा. लसूणघास कापल्यावर चिकट रस वाळून बसतो, त्यामुळे त्याच दिवशी पाण्याने धुऊन, पुसून तेल लावा. हंगाम संपला की दांडी काढून, तेल लावून, फळीवर सपाट ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी.

दव उतरल्यावरच कापायला सुरुवात करा. आदल्या दिवशी दगड, तारा, खुंट वेचून घ्या. जमिनीपासून चार बोटं उंच कापा, पात्याला माती लागत नाही आणि गवत पुन्हा फुटतं. इंजिन पूर्ण वेगात आणि चाल सावकाश ठेवा. उलटं केलं की अडकतं.

*अडकलं तर*
नुसता क्लच सोडून हात घालू नका. इंजिन बंद, प्लगची टोपी बाहेर, मग काठीने गवत काढा, बोटाने नाही. अडकलेल्या दांडीवर ताण असतो. गवत सुटलं की इंजिन बंद असूनही ती झटक्यात सरकते, आणि तेवढ्यात बोट जातं. घरातल्या मशीन चालवणाऱ्या प्रत्येकाला हे वाचून दाखवा, गड्यालाही.

ज्यांना मशीन दाखवायचंय त्यांनी फोटोऐवजी व्हिडिओ पाठवा. इंजिनचा आवाज नको. इंजिन बंद ठेवून पुली हाताने फिरवताना बारचा जवळून घेतलेला, दोन्ही टोकांचा. शक्य असेल तर मी बघायला येते, पण इसार द्यायच्या आधी सांगा.