हा आळस नव्हे



या वेळचा पाठ माझ्याच चुकीपासून सुरू करते. कळंब तालुक्यातील एका पारधी वस्तीवर मी नेमाने जाते. तिथली एक मावशी भर दुपारी दारात पडून असायची. म्हणायची, "ताई, अंगात जीवच न्हाई बगा." मी तिला सांगितले, "मावशी, जरा हातपाय हलवा, म्हणजे बरे वाटेल." सून तिला तोंडावर आळशी म्हणायची. मी तेच गोड शब्दांत म्हटले, इतकेच.

दोन वर्षांनी माझेही तसेच झाले. वय ४३. आठ तास झोपूनही सकाळी पाण्याची बादली उचलवेना. मला वाटले, आपणच प्रार्थनेत कमी पडतो आहोत. शेवटी तपासणी केली. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असली तर मधुमेह मानतात, माझी २१८ निघाली. कागद हातात घेतला आणि पहिल्यांदा मावशी आठवली.

तिचीही साखर वाढलेली निघाली. तिला मी चुलीचे उदाहरण दिले. दारात सरपण रचलेले आहे, पण दारच उघडत नाही, म्हणून चूल विझलेली. रक्तात साखर भरपूर असते, पण इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याने ती स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. शिवाय जादा साखर लघवीवाटे पाणी घेऊन जाते. रात्री चार वेळा उठावे लागते, झोप मोडते, तोंड कोरडे पडते.

"पण माझं कुटं पोट सुटलंय?" तिने विचारले. प्रश्न अगदी योग्य होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, पण त्यांच्या अंगावर चरबी त्या मानाने जास्त, असे आढळले. म्हणजे वरून किरकोळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह होतो. 'शुगर हा श्रीमंतांचा आजार' हे वाक्य आपल्या वस्त्यांतून हद्दपार झाले पाहिजे.

गोळ्यांनी माझी साखर खाली आली, थकवा मात्र गेला नाही. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासले. बी-१२ फार कमी होते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ते कमी होऊ शकते, आणि दूध, अंडी, मांस क्वचितच मिळणाऱ्यांमध्ये तर आधीच कमी असते. इंजेक्शने घेतल्यावर काही आठवड्यांत पायांत बळ आले. म्हणून कुणी मेटफॉर्मिन मनाने बंद करू नये. तपासणी मागून घ्यावी. थकव्यासोबत धाप लागत असेल किंवा छातीत दाब वाटत असेल, तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मावशीची अडचण वेगळी होती. दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला निघते. नवराबायको मिळून एक कोयता. एकाने अंग टाकले की खाडा, आणि उचल तर आधीच खर्च झालेली. तिला 'रोज अर्धा तास चाला' असे सांगणे ही थट्टाच झाली असती. ती पहाटे चारला गोळी घेऊन उपाशीपोटी फडात जायची. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असे केले की साखर ७० च्या खाली उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. लोकांना वाटते, ऊन लागले. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, मग भाकरी. उपास-प्रार्थनेच्या दिवशीही हेच लक्षात असू द्या. गोळी घेऊन उपाशी बसू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब आरोग्य उपकेंद्रात मोफत तपासतात. टोळी निघण्याआधी आशाताईंना सांगून आम्ही वस्तीवर तपासणी लावली. डॉक्टरांनी मावशीच्या गोळीची वेळ बदलून जेवणाबरोबर केली, जादा दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिचा कागद आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यात दाखवता येईल.

निघायच्या दिवशी मी भेटायला गेले. ट्रॅक्टरवर सामान चढत होते. सुनेने पदराची गाठ सोडून मला दाखवली. आत साखरेची पुडी होती. "आत्यांसाठी," ती म्हणाली, आणि सासूला वर चढायला हात दिला.