आडवी गिटार : बेताच्या खर्चातील वाद्याची मांडणी व पारख

जयपूर हे नाव कानी पडताच मराठी रसिकाला अल्लादिया खाँसाहेबांचे घराणे आठवते. मात्र ती गायकी बहरली कोल्हापुरात आणि मुंबईत. गेल्या अर्धशतकात त्याच शहराशी एका वाद्याचे नाव जोडले गेले आहे. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट (जन्म १९५०) यांनी पाश्चात्त्य गिटारीचा सांगाडा घेऊन त्यावर तीन मुख्य तारा, चार-पाच साथीच्या तारा आणि बारा तरफेच्या तारा बसविल्या व या वाद्यास ‘मोहनवीणा’ असे नाव दिले. अमेरिकन वादक राय कूडर यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेस १९९४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. (राधिकामोहन मोइत्र यांची त्याच नावाची वीणा सरोदाच्या जातीची असून ते याहून जुने व वेगळे वाद्य आहे, दोहोंची गल्लत करू नये.)

तारेवर बोट न दाबता एखादी गुळगुळीत वस्तू सरकवीत नेऊन वाजविण्याची रीत भारताला नवी नव्हती. विचित्रवीणा व दक्षिणेतील गोट्टुवाद्यम् याच रीतीने वाजतात. गिटारीपुरते पाहता या पद्धतीचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू यांना देण्यात येते. पुढे ताऊ मो यांच्यासारखे हवाईयन कलावंत कलकत्त्यास राहिले, आणि ही गिटार बंगालमधून मुंबईच्या चित्रपटसंगीतात आली. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत वाजवून दाखविले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतील गिटार त्यांचीच.

अमेरिकेत याच आडव्या गिटारीला पुढे पेडल जोडण्यात आले. पेडल दाबताच सळया व तरफांच्या योगे ठरावीक तारा ठरावीक प्रमाणात ताणल्या अगर सैल केल्या जातात, आणि वादकाला हात न हलविता स्वरसंघात बदलता येतो. ही यंत्रणा सूक्ष्म व म्हणून महाग असते. रागसंगीतात स्वरसंघात बदलण्याची गरज नसते; मींड तर सरकत्या कांडीतून आपोआपच निघते. सबब आपल्याकडील विद्यार्थ्याने पेडलांच्या खर्चात पडण्याचे कारण नाही. साधी, लोखंडी तारांची, सहा तारांची गिटार त्याला पुरते. मात्र ती नीट मांडावी लागते, आणि तरफांचा मोह आवरावा लागतो. पहिल्याच वर्षी बारा खुंट्या ठोकून घेतलेल्या स्वस्त गिटारीची मान वाकलेली पाहण्याची पाळी पुष्कळांवर येते.

मांडणी

प्रथम तारा उचलाव्या. बोटांनी वाजविण्याच्या गिटारीत तारा पडद्यांना जवळजवळ टेकलेल्या असतात; कांडी ठेवताच ती पडद्यांवर आपटून खडखडाट होतो. डोक्याकडील खाचांच्या पट्टीवर बसणारी धातूची उंच पट्टी वाद्यांच्या दुकानात मिळते. ती बसविल्यावर तारा फळीपासून आठ ते दहा मिलिमीटर वर येतात. ही पट्टी ताणानेच जागेवर राहते. चिकटविणे नाही, कापणे नाही, आणि नको असेल तेव्हा गिटार पूर्ववत करता येते.

नंतर तारा लावाव्या. जाड तारेकडून बारीक तारेकडे सा प सा ग प सा अशी जुळणी सोयीची पडते. पाश्चात्त्य ‘डी’ स्वरास षड्ज मानल्यास या जुळणीसाठी नेहमीच्या चार तारा थोड्या उतरवाव्या लागतात, दोन तशाच राहतात. एकही चढवावी लागत नाही. स्वस्त वाद्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. गांधाराची तार मात्र सर्व रागांस चालणार नाही. मालकंसासारख्या रागात ती कोमल करावी, पंचमाच्या तारा मध्यमावर उतरवाव्या.

कांडी म्हणून झिलई केलेला पोलादी गज चालतो. दोन सेंटिमीटर व्यासाच्या व आठ सेंटिमीटर लांबीच्या गजाचे वजन सुमारे २०० ग्रॅम भरते. हलकी कांडी तारेबरोबर स्वतःच थरथरते आणि स्वर बोथट होतो. जड कांडी दाब न देता तारेचा स्पष्ट छेद करते. कांडीमागे उरलेला तारेचा भागही वाजू पाहतो. तो डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी हलकेच दाबून ठेवावा.

पडद्यांवर किती विसंबावे

तारेची लांबी निम्मी केली की तिची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणारी कंपने, दुप्पट होते. गिटारीच्या तारेची लांबी बहुधा ६४.८ सेंटिमीटर असते. तीवरून हिशेब केल्यास शुद्ध रिषभ ५७.६, मध्यम ४८.६, पंचम ४३.२ आणि तार षड्ज ३२.४ सेंटिमीटर लांबीवर मिळतो. षड्जाशी ५ : ४ असे नाते असलेला गांधार ५१.८ सेंटिमीटरवर येतो. गिटारीचा चौथा पडदा मात्र सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसविलेला असल्याने ५१.४ सेंटिमीटरवर असतो. हे अंतर चार मिलिमीटरांचे आहे, आणि तंबोऱ्यासोबत ते कानाला स्पष्ट खुपते. पंचमाच्या पडद्यावरील चूक अर्धा मिलिमीटरच असल्याने तेथे पडद्यावर भिस्त ठेवता येते. धैवताचीही गोष्ट गांधारासारखीच आहे. म्हणून पडद्यांना वाटेवरचे दगड समजावे. मुक्काम कानाने ठरवावा. कांडी पडद्याच्या थेट वर धरावी, बोटाप्रमाणे त्याच्या मागे नव्हे.

यातूनच खरेदीचा एक नियम निघतो. बोटांनी वाजविणाऱ्याला पडद्यांचा एखादा दोषही सोसत नाही. सरकत्या कांडीला झिजलेले पडदेही चालतात. दुकानात मागे पडलेली अशी गिटार कमी किमतीत मिळत असेल तर ती अवश्य पाहावी. मात्र पुढील बाबतीत तडजोड करू नये.

ताणाचा हिशेब

तारेची कंप्रता तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे दर मीटर वजन या तिहींवर अवलंबून असते. ०.४ मिलिमीटर व्यासाची पोलादी तार ६४.८ सेंटिमीटर लांबीवर २९४ कंपनांच्या ‘डी’ स्वरात लावली, तर तिच्यावर सुमारे साडेचौदा किलोग्रॅम वजन टांगल्याइतका ताण पडतो. सहा तारांचा एकूण ताण साधारणतः साठ ते ऐंशी किलोग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे एक प्रौढ माणूस त्या लाकडी मानेला सतत लोंबकळत असतो असे समजावे. तरफेच्या तारा बारीक असल्या तरी प्रत्येकी चार ते आठ किलोग्रॅम ओढतात. बारा तारांनी भार जवळजवळ दुप्पट होतो.

आणखी एक अडचण आहे. तार जाड घेतली तर ताण वाढतो, पण त्याच प्रमाणात तिचा छेदही वाढतो. म्हणून दिलेल्या लांबीची पोलादी तार किती वरच्या स्वरापर्यंत चढेल हे तिच्या जाडीवर अवलंबून नसते. साठ सेंटिमीटर लांबीच्या तारेवर तार षड्ज लावू गेल्यास ती तुटतेच. उपाय एकच, तार आखूड करणे. मोहनवीणेत मानेच्या कडेला वेगळी फळी जोडून तरफांच्या खुंट्या तिच्यावर बसविलेल्या असतात व तरफांच्या लांब्या कमीअधिक असतात, त्याचे इंगित हेच आहे. तार चढविताना चेहरा तिच्या रेषेत कधीही आणू नये.

तेव्हा घोडी कशी आहे ते आधी पाहावे. सपाट पोटाच्या स्वस्त गिटारीत घोडी पुढच्या फळीवर केवळ चिकटविलेली असते व तारा तिला उपटू पाहतात. कमानदार पोटाच्या गिटारीत तारा मागच्या टोकाला धातूच्या पट्टीत अडकविलेल्या असून घोडी नुसती दाबून बसते. एकूण ताण ८० किलोग्रॅम व घोडीवर तारांचे वळण दहा अंशांचे असेल, तर घोडीवरचा दाब १४ किलोग्रॅमच्या आसपास राहतो. तो फळीला पेलतो. तरफा बसवायच्याच असतील तर त्या या दुसऱ्या जातीच्या सांगाड्यावरच बसवाव्या.

पारख

दोन तारा एकाच स्वरात लावून एकदम छेडाव्या. एकीची कंपने २२० व दुसरीची २२२ असतील तर आवाज सेकंदास दोनदा लहानमोठा होताना ऐकू येतो. हे हेलकावे संपेपर्यंत खुंटी फिरवावी, आणि दहा मिनिटांनी पुन्हा ऐकावे. हेलकावे परत आले तर खुंट्या सैल आहेत. तरफांची परीक्षा कागदाच्या चिमुकल्या घडीने होते. घडी तरफेवर खोगिरासारखी ठेवून मुख्य तारेवर तोच स्वर काढावा. अनुस्पंदनाने तरफ हलली तर घडी उडून पडते. शेजारच्या तारेवरील घडी जागची हलत नाही. कांडी एक मिलिमीटर सरकविली तरी परिणाम कसा मंदावतो हे विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावे. सुरेलपणाचा याहून स्वस्त शिक्षक सापडणे कठीण.

शेवटची परीक्षा वेळ घेते. नवी गिटार स्वरात लावून, बाराव्या पडद्यावर तारेची उंची मोजून तो आकडा लिहून ठेवावा. जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. जयपुराहून कोकणात आणलेल्या वाद्याचे तर विचारूच नये. महिनाभराने, आणि पुन्हा श्रावणात, तीच उंची मोजावी. ती दर वेळी वाढतच गेली असेल तर मान वाकत आहे असे समजून तारा उतरवाव्या व तरफांचा विचार सोडून द्यावा.