देशांतर : भाच्यास पत्र

इंदिरापुरम, गाझियाबाद
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पोचले. डेट्रॉइटहून पूल ओलांडून उन्हाळ्यात कॅनडात पाहुणा म्हणून जावे, चार आठवडे राहावे, आणि मानवले तर बिऱ्हाडच तिकडे हलवावे, असा तुझा बेत आहे व त्यावर माझे मत तू मागितले आहेस. पत्र मी शांतपणे दोनदा वाचले. अमेरिकेच्या सध्याच्या राज्यकारभाराने तुझे मन किती विटले आहे हे त्यात पानोपानी दिसते. ज्या देशात जावयाचे त्या देशाविषयी मात्र, तेथील रस्ते स्वच्छ आहेत आणि औषधोपचारास पैसे पडत नाहीत, याखेरीज फारसे काही आढळत नाही. सोडावयाच्या घराचे दोष मनुष्याला पाठ असतात. नव्या घराची चौकशी मात्र त्याला मुद्दाम, वेळ काढून, दहा जणांना विचारून करावी लागते, आणि ती चौकशी तू अद्याप केलेली नाहीस असे मला स्पष्ट सांगावेसे वाटते.

राजसत्तेवर रुष्ट होणे यात गैर काही नाही. तू वाढलास त्या दिल्लीत चिंतामणराव देशमुखांचे नाव मराठी घरांतून आदराने घेतले जाई, ते उगीच नव्हे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तो कोणाची भीडमुर्वत न धरता. परंतु मंत्रिपद सोडलेल्या त्या पुरुषाने कार्यक्षेत्र सोडले नाही. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि लोदी बागेच्या कडेस उभ्या राहिलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. सरकारशी पटेना म्हणून जागा सोडणे आणि जेथे आपले कार्य, ऋणानुबंध व जबाबदाऱ्या आहेत तो मुलूख सोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला या उदाहरणावरून तुझ्या मनावर ठसवावयाचे आहे.

अमेरिकेतून उत्तरेकडे जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. स्वातंत्र्ययुद्धानंतर ब्रिटिश राजाशी निष्ठा राखणारे हजारो लोक तिकडे गेले; पुढे गुलामगिरीतून निसटलेले कृष्णवर्णीय गेले; आणि व्हिएतनामच्या युद्धकाळी सक्तीच्या लष्करभरतीस नकार देणारे तरुण गेले. या शेवटच्या तरुणांना राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी २१ जानेवारी १९७७ रोजी, म्हणजे अधिकारग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी, माफी जाहीर केली. परतीची वाट मोकळी झाली तरी त्यांतील पुष्कळजण परतले नाहीत, कारण ज्या कारणाने ते गेले ते कारण सरले असले तरी मधल्या वर्षांत त्यांना तेथे काम, कुटुंब आणि शेजार लाभला होता. तुझ्या बाबतीत मी हाच प्रश्न उलट बाजूने विचारतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची. कॅनडात कायम रहिवासाचा हक्क मिळविण्यासाठी लागणारा काळ वेगळाच. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करावयाचा तर अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत किमान १०९५ दिवस तेथे प्रत्यक्ष राहिल्याचे दाखवावे लागते. तेवढ्या अवधीत तुझ्या संतापाचे कारण कदाचित उरणारही नाही. मग तुला तेथे कोणती गोष्ट धरून ठेवील? तिचे नाव तुला सांगता आले, तर माझा आक्षेप तेथेच संपतो.

पाहुणा म्हणून जाण्याविषयी मला काहीच हरकत घ्यावयाची नाही. अमेरिकन पारपत्रधारकास कॅनडाचा व्हिसा लागत नाही, आणि व्हिसा न लागणाऱ्या इतर परदेशीयांना विमानाने जाताना जी इलेक्ट्रॉनिक पूर्वपरवानगी काढावी लागते तीही लागत नाही. सीमेवरील अधिकाऱ्याने वेगळे काही लिहून दिले नाही तर सहा महिन्यांपर्यंत राहता येते. सूनबाईजवळ ग्रीन कार्ड आहे, तेव्हा तिलाही व्हिसा नको. परंतु तिने कार्डाबरोबर आपले भारतीय पारपत्र, मुदत न संपलेले, जवळ ठेवलेच पाहिजे. अधिकाऱ्याने हेतू विचारला तर खरे सांग. पुढेमागे कायम राहण्याचा विचार असणे हा तेथील कायद्याने गुन्हा नाही. आज पाहुणा म्हणून आलो आहे आणि मुदतीत परत जाणार आहे, एवढे त्यास पटले म्हणजे झाले. मात्र मोटारीत भांडीकुंडी, पदव्यांची चळत आणि नोकरीचे अर्ज भरून नेशील तर ते पटविणे कठीण जाईल. आणि औषधोपचार फुकट असल्याचे जे तू लिहितोस, ते पाहुण्यास लागू नाही. त्या सोयी प्रांतवार आहेत व त्या प्रांताच्या रहिवाशांसाठी आहेत, तेव्हा प्रवासाचा विमा अवश्य काढ.

जावयाचे तर उन्हाळ्यात नको, फेब्रुवारीत जा. जुलै महिन्यातील टोरांटो कोणालाही आवडेल. बर्फ साचलेल्या रस्त्याने सकाळी मुलीला शाळेत पोचविणारी आई, नव्या रुग्णास घेणारा कुटुंबवैद्य मिळेना म्हणून दवाखान्यात तिष्ठत बसलेला गृहस्थ, मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये पगाराचा मोठा हिस्सा घरभाड्यात घालणारे आपले तरुण, यांच्यात चार दिवस घाल. टोरांटोचे मराठी भाषिक मंडळ जुने आहे. तेथील जाणत्या माणसांना केवळ गणपतीच्या आरतीस न भेटता, त्यांची मुले कोठे नोकरीस लागली आणि किती जण पुन्हा अमेरिकेत गेली, हे विचार.

तुझ्या धंद्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण पोटाचा प्रश्न आहे. तू मोटारींच्या उद्योगातील अभियंता. विंडसर शहर तुझ्या नदीपलीकडे दिसते, १९२९ साली उभारलेला अॅम्बॅसॅडर पूल दोन्ही काठांना जोडतो, आणि विंडसरच्या परिचारिका रोज सकाळी नदी ओलांडून डेट्रॉइटच्या रुग्णालयांत कामास येतात, हे तू मला पूर्वीच सांगितले आहेस. परंतु ज्या उद्योगाचे सुटे भाग तयार होईपर्यंत ही हद्द अनेकदा ओलांडतात, त्या उद्योगावर अमेरिकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये २५ टक्के आयातकर लादला, तेव्हा त्याची झळ पहिल्यांदा पुलाच्या त्याच दुसऱ्या टोकास बसली. वॉशिंग्टनच्या धोरणापासून दूर जावे म्हणून तू विंडसरला गेलास, तर त्या धोरणाच्या अगदी तोंडाशी जाऊन बसशील. जावयाचेच असेल तर ज्या कामाचा या पुलाशी संबंध नाही असे काम आधी शोध.

कागदपत्रांची बाब. अमेरिकन नागरिक असलेल्या अभियंत्यास उत्तर अमेरिकेतील तिन्ही देशांच्या व्यापारकराराखाली कामाचा परवाना सुलभतेने मिळतो, परंतु तो मुदतीचा असतो. कायम रहिवासासाठी गुणांची जी पद्धत आहे तीत वयाचे गुण तिशीपासून उतरू लागतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्यावर येतात. तुझे एकेचाळिसावे चालू आहे, हे तुला स्मरत असेलच. इंग्रजीची परीक्षा तुलाही द्यावी लागेल. अमेरिकेत वीस वर्षे इंग्रजीतच काम केले या सबबीवर सूट मिळत नाही. दिल्ली कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचे २००९ साली दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी झाले, तुझी पदवी मात्र दिल्ली विद्यापीठाची आहे. तेव्हा तिच्या गुणपत्रिका प्रमाणित करून हव्या असतील तर मला वेळेवर कळव, विद्यापीठाच्या दफ्तरात खेपा घालण्याइतके पाय अजून धड आहेत. आणि अमेरिकेचा नागरिक जगाच्या पाठीवर कोठेही राहिला तरी त्याला दरवर्षी अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याकडे विवरणपत्र भरावे लागते, म्हणजे ज्या सरकारास कंटाळून तू जाणार त्याच्याशी तुझा हिशेब तेथूनही चालूच राहील.

आता सूनबाईविषयी, कारण तुझ्या पत्रात तिचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे. तिच्यापाशी नागरिकत्व नाही, ग्रीन कार्ड आहे, आणि ते अमेरिकेत राहणाऱ्यासाठी असते. नागरिकत्वाच्या अर्जापूर्वीच्या वास्तव्यकाळात ती सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिली तर वास्तव्याच्या सलगतेविषयी शंका घेतली जाते, वर्ष लोटले तर मुदत खंडितच होते, आणि कॅनडात घर मांडले तर कार्डावरच गदा येऊ शकते. तुझ्यासाठी जे पुलावरून जाणे-येणे आहे, ते तिच्यासाठी इतक्या वर्षांच्या कमाईवर पाणी सोडणे ठरेल. नागरिक नसल्याने त्या व्यापारकराराचा लाभही तिला स्वतंत्रपणे घेता येणार नाही. तिची नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत घर विकण्याची भाषा काढू नकोस.

आणि ताईची, तुझ्या आईची, गोष्ट. गेल्या खेपेस मिसिसागाच्या लग्नासाठी तिच्या व्हिसाचा अर्ज करावयाचा होता, तेव्हा तिला घेऊन मी शिवाजी स्टेडियम मेट्रो स्थानकातील अर्जकेंद्रात गेलो होतो. हातातील फायलीत बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, मुदत ठेवींच्या पावत्या, भावोजींच्या निवृत्तिवेतनाचा दाखला, सदनिकेचे खरेदीखत, निमंत्रणपत्र, तुझ्या पारपत्राची प्रतही. शेजारच्या खुर्चीवर कर्नालची एक वृद्धा मुलीच्या बाळंतपणास जाण्यासाठी अशीच फाईल छातीशी धरून बसली होती. ताईचा क्रमांक आला तेव्हा यंत्राच्या काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. खिडकीतील मुलीने ओला कागदी रुमाल दिला, बोटे पुसवली, अंगठा पुन्हा दाबून धरावयास सांगितला; जन्मभर कणीक मळून आणि भांडी घासून बोटांवरच्या रेषाच झिजल्या आहेत, त्याला ती मुलगी तरी काय करणार! अखेरीस ठसे मिळाले. ताई बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मग म्हणाली, 'बाळला जायला असं काही लागतं का रे?' मी नाही म्हणालो.

तुला उघडे असलेले दार तुझ्या सर्व माणसांना तितकेच उघडे नाही, आणि तुझ्या बेताचा खरा विचार येथून सुरू होतो. अमेरिकेत, एकवीस वर्षांवरील नागरिकास आपल्या आईसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो व त्यास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. मात्र तिच्या निर्वाहाचे हमीपत्र देणाऱ्याचे कायमचे वास्तव्य अमेरिकेत असावे लागते. तू पूल ओलांडून स्थायिक झालास की हा मार्ग आपल्या हातानेच अवघड करून ठेवशील. कॅनडात आईवडिलांना बोलावण्याची योजना आहे, परंतु ती कायम रहिवासी व नागरिक यांच्यासाठी, ठराविक संख्येपुरती. २०२५ साली तिच्यात नवे इच्छुक घेतलेच नाहीत, २०२० साली नावे नोंदविलेल्यांतूनच निमंत्रणे निघाली. एका वेळी पाच वर्षे राहू देणारा वडीलधाऱ्यांचा 'सुपर व्हिसा' आहे, तोही मुदतीच्या कामाच्या परवान्यावर असलेल्याच्या आईस मिळत नाही. शिवाय दोन सरकारांत बिनसले म्हणजे काय होते ते आपण पाहिले: २०२३ च्या ऑक्टोबरात कॅनडाने आपले ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत नेले, चंदीगड, मुंबई व बंगळूर येथील वकिलातींतले लोकांचे प्रत्यक्ष कामकाज थांबले, आणि अर्जांचा निकाल लांबला. २०२५ साली उच्चायुक्त पुन्हा नेमले गेले, ही समाधानाची गोष्ट. तरीही सत्तरी उलटलेल्या विधवा बाईने राष्ट्रांच्या रुसव्याफुगव्यांवर किती हवाला ठेवावा?

कॅनडाविषयी माझ्या मनात आकस नाही. ज्या देशाने १९१४ साली कोमागाता मारूवरील ३७६ हिंदी प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकूवरच्या बंदरातूनच परत धाडले, त्याच देशाने १९६७ पासून वंश न पाहता गुण पाहणारी पद्धत अंगीकारली आणि २०१६ साली पार्लमेंटमध्ये त्या जुन्या अन्यायाची क्षमा मागितली. हे मोठेपण लहान नव्हे. परंतु राज्ये माणसे बोलावतात ती आपल्या गरजेने, आणि गरज बदलली की हात आखडतात. नव्या कायम रहिवाशांचे २०२५ सालचे उद्दिष्ट पाच लक्षांवरून ३,९५,००० वर आणल्याचे त्याच देशाने २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर केले.

म्हणून माझे मत असे की तू फेब्रुवारीत अवश्य जाऊन ये, सूनबाईस बरोबर ने, आणि परत आल्यावर तिच्या शपथविधीपर्यंत पुढचे पाऊल टाकू नकोस. त्यानंतरही तिकडे जावेसे वाटले, तेथे मन लावण्याजोगे काम सापडले आणि ताईच्या येण्याजाण्याची तजवीज कागदावर दिसू लागली, तर जा. मी अडविणार नाही, उलट गुणपत्रिकांसाठी विद्यापीठात मीच जाईन. हे पत्र ताईला दाखविलेले नाही. तुझा बेत तिला तूच सांग, आणि सगळे ठरवून झाल्यावर सांगू नकोस. पहिला अर्ज भरण्यापूर्वी सांग.

कळावे. चि. सौ. सूनबाईस व चि. छोकरीस आशीर्वाद.

तुझा,
मामा