काचपेटीतील पाणथळ : फायटर मासा आणि जलवनस्पती

बेळगाव व निपाणी येथील शोभेच्या माशांच्या दुकानांतून निळ्या, तांबड्या किंवा मोरपिशी रंगाचा, लांब झुळझुळीत परांचा एक मासा हमखास दृष्टीस पडतो. इतर जातींचे मासे मोठ्या पेट्यांतून थव्याने फिरत असतात. हा मात्र प्लास्टिकच्या पेल्यात किंवा काचेच्या लहान बरणीत एकटाच ठेवलेला असतो. दुकानदार व ग्राहक दोघेही त्यास ‘फायटर’ या नावाने ओळखतात. बरणीत विकला जातो म्हणून तो बरणीतच राहणारा मासा आहे, असा ग्राहकाचा समज होतो. मुलांच्या हट्टापायी मासा घरात किंवा शाळेत येतो, टेबलाची शोभा वाढवितो आणि काही आठवड्यांतच एका सकाळी तळाशी निपचित पडलेला आढळतो. ‘त्याचे आयुष्यच तेवढे’ अशी मुलांची समजूत काढली जाते. वस्तुतः योग्य निगा राखल्यास हा मासा दोन ते तीन वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ जगतो. तो मरतो तो आयुष्य संपल्यामुळे नव्हे, तर बरणीमुळे.

या माशाचे मूळ स्थान थायलंड. तेथे त्यास ‘प्ला-कट’, म्हणजे चावरा मासा, असे म्हणतात. इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रेगन यांनी १९१० साली त्याचे ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ असे शास्त्रीय नामकरण केले आणि २०१९ साली थायलंडच्या शासनाने त्यास राष्ट्रीय जलचराचा मान दिला. नरांच्या झुंजी लावून पैजा मारण्याची तेथील प्रथा जुनी आहे. लढाऊ मासा हे नाव त्यावरूनच पडले. दोन नर एका पेटीत ठेवल्यास ते एकमेकांचे पर फाडून टाकतात, म्हणून एका पेटीत एकच नर ठेवावा. मुलांना गंमत म्हणून आरसा दाखविण्याची सवय अनेक घरांत आहे. समोर प्रतिस्पर्धी आहे असे वाटून मासा कल्ले फुलवितो खरा. परंतु हा खेळ दिवसभर चालल्यास त्याची शक्ती व्यर्थ खर्ची पडते.

थायलंडातील भातखाचरे, दलदली व संथ ओहोळ ही त्याची वस्ती. अशा उष्ण, साचलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार थोडा असतो. तेथे तग धरता यावा म्हणून या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूस, वळ्यावळ्यांची एक पोकळी असते. मासा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि या पोकळीतील रक्तवाहिन्या त्यातील प्राणवायू शोषून घेतात. सीमाभागातील वाचकांना हा प्रकार नवा नाही. बाजारात ओल्या टोपलीत कितीतरी वेळ जिवंत राहणारी मरळ याच सामर्थ्यावर जगते. शास्त्रज्ञ मरळ व फायटर यांची गणना माशांच्या एकाच गणात करतात.

हे सामर्थ्यच फायटरच्या मुळावर आले आहे. अर्धा लिटर पाण्यात दुसरा मासा तासा-दोन तासांत गुदमरला असता आणि चूक लगेच उघड झाली असती. फायटर गुदमरत नाही. त्यामुळे त्यास बरणी मानवते, असे वाटत राहते. परंतु श्वास हवेतून घेतला तरी मलमूत्र पाण्यातच जाते. भातखाचरातील पाणी उथळ असले तरी ते दूरवर पसरलेले असते आणि त्यात वनस्पती व चिखल असतो. बरणीत यांपैकी काहीच नसते.

पाणी का बिघडते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावे. कारण पाठ्यपुस्तकातील नत्रचक्र डोळ्यांसमोर घडताना पाहण्याची अशी संधी वर्गात दुसरी नाही. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच न खाल्लेल्या अन्नातून, पाण्यात अमोनिया उतरतो. तो माशास अत्यंत घातक होय. एका प्रकारचे जीवाणू या अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. नायट्रेट अल्प प्रमाणात निरुपद्रवी असून वनस्पतींचे ते खत आहे. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत. वाळू, दगड, पाने व गाळणीचा स्पंज यांवर त्यांचा थर बसतो. नव्या, धुऊन स्वच्छ केलेल्या पेटीत तो नसतो. तो तयार होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत याहूनही अधिक. म्हणून पेटी आधी तयार करावी आणि मासा शेवटी आणावा. दुकानातून पेटी व मासा एकाच दिवशी घरी आणणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

पेटी ४५ सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असावी. पाच मिलिमीटर जाडीची काच पुरते. पाण्याची पातळी २५ सेंटिमीटर ठेवल्यास सुमारे २८ लिटर पाणी मावते. पाणी, वाळू व काच मिळून वजन ४० किलोग्रॅमच्या पुढे जाते. तेव्हा वर्गातील डुगडुगते बाक या कामी उपयोगाचे नाही. भक्कम टेबलावर थर्मोकोलचा पत्रा अंथरून त्यावर पेटी ठेवावी. खिडकीतील थेट ऊन टाळावे, अन्यथा काचेवर हिरवे शेवाळ माजते. पेटीस झाकण हवेच, कारण हा मासा उडी मारतो. मात्र पाणी व झाकण यांत चार-पाच सेंटिमीटर हवा राहू द्यावी. श्वास तेथूनच घ्यावयाचा असतो.

तळाच्या बाबतीत बेळगाव परिसरास एक अनुकूलता लाभलेली आहे. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जांभा दगड व त्याची तांबडी माती विपुल आहे. जांभ्यात लोह भरपूर असते आणि जलवनस्पतींच्या मुळांना लोह हवेच असते. युरोपातील शौकीन पूर्वी आपल्या पेट्यांसाठी उष्ण प्रदेशातील जांभ्याचा चुरा विकत घेत असत. येथे तो बांधाच्या कडेला मिळतो. शेणखत अथवा रासायनिक खत न लागलेली अशी माती चाळून तिचा दोन सेंटिमीटरचा थर तळाशी द्यावा. त्यावर स्वच्छ धुतलेली जाड वाळू चार सेंटिमीटर पसरावी, म्हणजे माती पाण्यात मिसळत नाही. निपाणीकडील काळी माती मात्र या कामी घेऊ नये. ती फुगते व पाणी गढूळ करते. वाळू चुनखडीयुक्त आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी चिमूटभर वाळूवर व्हिनेगार टाकावे. बुडबुडे आल्यास ती वाळू बाजूस ठेवावी.

पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासा व जीवाणू दोघांनाही मारक असते. पाणी पसरट भांड्यात चोवीस तास उघडे ठेवावे, अथवा दहा लिटरला ‘हायपो’चे एक-दोन लहान खडे विरघळवावेत. छायाचित्रकार वापरीत तेच हे हायपो. आता ते माशांच्या दुकानांत मिळते. कूपनलिकेच्या पाण्यात क्लोरीन नसते, परंतु काळ्या जमिनीच्या भागात ते बहुधा जड व अल्कधर्मी असते. अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, हे ध्यानात ठेवून तेथे पाणी बदलण्यात हयगय करू नये. गाळलेले पावसाचे पाणी थोडे मिसळल्यास जडपणा कमी होतो.

वनस्पतींत व्हॅलिस्नेरियाची लांब फितीसारखी पाने मागील बाजूस शोभतात व ती लवकर पसरते. हायड्रिला तर आपल्याकडील तळ्यांतूनच वाढते आणि अमोनिया थेट शोषून घेण्यात तिचा हातखंडा आहे. अनुबियास व जावा नेचा कमी प्रकाशात वाढतात; त्यांचे आडवे खोड वाळूत न पुरता दोऱ्याने दगडास बांधावे, अन्यथा ते कुजते. पृष्ठभागाजवळ रुंद पाने असावीत. फायटर त्यांवर विसावा घेतो आणि नर तेथेच लाळेच्या बुडबुड्यांचे घरटे बांधतो. दिवसातून सहा ते आठ तास साध्या एलईडी दिव्याचा प्रकाश पुरे. सह्याद्रीच्या सड्यांवरील वनस्पती मात्र उपटून आणू नयेत. वायतुरा ही उत्तर सह्याद्रीतील मोजक्या पठारांवरच उगवणारी दुर्मीळ वनस्पती आहे. तिचे स्थान पठारावरच.

शाळेच्या आवारात देशी बदामाचे झाड असल्यास त्याचे गळून पडलेले, पूर्ण वाळलेले एक पान धुऊन पेटीत टाकावे. पाण्यास चहासारखा फिकट रंग येतो. तो घाणीचा नव्हे, पानातील टॅनिनचा असतो आणि माशास तो मानवतो.

पेटी लावल्यानंतर एक दिवसाआड चिमूटभर मत्स्यखाद्य पाण्यात टाकीत जावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि त्यावर जीवाणू पोसले जातात. माशांच्या दुकानातील तपासणी पट्ट्यांनी दर दोन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट मोजून विद्यार्थ्यांनी वहीत नोंद करावी. प्रथम अमोनिया चढतो, तो उतरू लागताच नायट्राइट चढते आणि अखेर दोन्ही शून्यावर येतात. त्या दिवशी मासा आणावा. जुन्या पेटीतील वापरलेला स्पंज मिळाल्यास हा काळ पुष्कळ कमी होतो. गाळणी हवेच्या लहान पंपावर चालणारी, संथ प्रवाहाची असावी. लांब परांच्या माशास जोराच्या प्रवाहात पोहता येत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचे तापमान बऱ्याचदा १५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरते. फायटरला २५ ते २८ अंश तापमानाचे पाणी लागते. लहान बरणीतील पाणी रात्रीतून गार पडते, मासा सुस्त होतो, खाणे सोडतो व रोगास बळी पडतो. येथील कितीतरी मासे पुसा-माघाच्या थंडीत जातात ते यामुळे. २५ ते ५० वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा पाणतापक व एक तापमापी बसविल्यास हा धोका टळतो. पेटीत हात घालण्यापूर्वी विजेची सर्व जोडणी बंद करावी; मुलांच्या बाबतीत हा नियम मोडू देऊ नये.

निपाणी भागासाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. तंबाखूतील निकोटिन माशांना जहाल विष आहे. काही देशांत तळ्यांतील नको असलेले मासे मारण्यासाठी तंबाखूची भुकटीच वापरली जाते. ज्या घरात तंबाखू चाळली जाते किंवा विड्या वळल्या जातात, तेथे साबणाने हात धुतल्याखेरीज पेटीस स्पर्श करू नये आणि पेटी त्या खोलीत ठेवू नये. हवेचा पंपही त्या खोलीतील हवा ओढणार नाही, असा ठेवावा. डासांवरील फवाऱ्यांनाही हीच खबरदारी लागू आहे.

फायटर मांसाहारी आहे. देवस्थानच्या तळ्यात चुरमुरे टाकण्याची सवय असलेले हात पेटीतही चुरमुरे, पोहे, ब्रेडचा चुरा टाकतात. तो सारा कुजतो. फायटरसाठीच्या गोळीखाद्याचे दोन-तीन दाणे सकाळी व तितकेच सायंकाळी द्यावेत आणि आठवड्यातून एक दिवस उपवास घडवावा. त्याचे पोट त्याच्या डोळ्याहून फारसे मोठे नसते. डासांच्या अळ्या तो आवडीने खातो, परंतु त्यासाठी घरात पाणी साठवून डास पोसणे म्हणजे डेंग्यूस निमंत्रण देणे होय. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी काढून तितकेच, त्याच तापमानाचे, क्लोरीनविरहित पाणी घालावे. सगळे पाणी बदलून पेटी घासून लखलखीत करण्याचा उत्साह आवरावा, त्यात जीवाणूंचा थर वाहून जातो. स्पंजही नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

परीक्षा संपून शाळेस सुटी लागली की पेटीचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो आणि पुष्कळदा मासा जवळच्या ओढ्यात सोडला जातो. भूतदयेपोटी केलेले हे कृत्य घातक आहे. या भागातील पाणी अखेर एकत्रच येते. वेदगंगा दूधगंगेस मिळते, मार्कंडेय व हिरण्यकेशी घटप्रभेस, आणि दूधगंगा व घटप्रभा कृष्णेस. हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोली येथील देवळाच्या कुंडात, २०२० साली ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी जात नोंदली गेली आणि २०२१ साली ते स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. तीच नदी आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वरावरून वाहते. बाहेरून आलेल्या जीवांनी काय होते, याचा अनुभव आपल्याकडे आहे. आफ्रिकेतील तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज तो असंख्य जलाशयांत स्थानिक माशांच्या जागा व्यापून बसला आहे. पंचगंगेचे पात्र झाकून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठीच ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली होती. फायटर आपल्या थंडीत तगणार नाही असे कोणी म्हणेल. परंतु त्याच्या अंगावरील रोगजंतू व पेटीतील वनस्पतींचे तुकडे तगू शकतात.

म्हणून सुटीत मासा एखाद्या जबाबदार विद्यार्थ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरी न्यावा, अथवा दुकानदारास परत द्यावा. निरोगी, पोटभर खाल्लेला मासा दोन-तीन दिवस अन्नावाचून सहज राहतो. जोडून आलेल्या सुट्यांसाठी खाद्याचा ढीग टाकून जाण्याचे कारण नाही. छाटलेल्या वनस्पती गटारात वा ओढ्यात न टाकता उन्हात कडकडीत वाळवून खतखड्ड्यात घालाव्यात. दर आठवड्यास निघणारे सात लिटर पाणी नत्रयुक्त असते. ते शाळेच्या बागेतील वाफ्यांना द्यावे.