संत ऑगस्टीनचा मुलगा



२७ ऑगस्टला संत मोनिकाचा सण आणि दुसऱ्या दिवशी संत ऑगस्टीनचा. आईचे अश्रू आपल्याला पाठ आहेत. नातवाचे नाव मात्र प्रवचनात क्वचितच येते.

३५४ साली जन्मलेला ऑगस्टीन कार्थेजमध्ये वक्तृत्वशास्त्र शिकत असताना, सतरा-अठराव्या वर्षी, बाप झाला. मुलाच्या आईशी लग्न झालेले नव्हते. वडील वारले होते, खर्च आई पाठवीत होती. त्याने शिक्षण सोडले नाही आणि बाळालाही सोडले नाही. नाव ठेवले अदेओदातुस, म्हणजे आपल्याकडचा देवदत्त. पुढे, मिलानमध्ये दुसरीकडे लग्न ठरले म्हणून त्या स्त्रीला आफ्रिकेत परत पाठवण्यात आले. तिचे नावसुद्धा त्याने कुठे लिहिले नाही, हे आम्हाला आजही खटकते. मुलगा बापापाशी राहिला. ३८७ च्या पास्काच्या रात्री संत अँब्रोज यांच्या हातून बापलेकांनी एकत्रच बाप्तिस्मा घेतला. ‘दे मागिस्त्रो’ हा त्या दोघांचा संवाद. त्यातले मुलाचे विचार खरोखर त्याचेच, अशी ग्वाही बापाने दिली आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा ग्रंथ शब्द आणि अर्थ यांसाठी शिकवतात. एक बाप सोळा वर्षांच्या मुलाचे म्हणणे मनावर घेतो आहे, याकडे कोणी बोट दाखवत नाही. मुलगा त्यानंतर लवकरच वारला.

असे प्रसंग आपल्याही घरांत येतात. मुलीला नातेवाइकांकडे धाडतात, मुलाला गप्प बसवतात आणि बाळाच्या नोंदीत बापाचा रकाना रिकामा राहतो. काही जण म्हणतात, घाईने लग्न लावून द्या. पण मुलाचे वय २१ होईपर्यंत देशाचा कायदा लग्नाला परवानगी देत नाही, आणि धाकाने घेतलेली संमती ख्रिस्तसभा संमती मानत नाही.

बाप्तिस्म्याला आईबापांचे लग्न ही अट नाही. १९८३ च्या धर्मविधानातील कलम ८६८ नुसार एका पालकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा पुरे. कलम ८७७ नुसार पित्याने धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांपुढे स्वतः सांगितले, तर त्याचे नाव नोंदवता येते. त्यासाठी दहावी-बारावीचे वर्ष बुडवावे लागत नाही. मिस्सानंतर कचेरीत यावे. दार लावून बोलता येते.