एक ऑर्डर गेली, म्हणजे धंदा गेला का?

आजचा विषय जीएसटी नाही, मार्केटिंग नाही. आज बोलायचंय मनातल्या हिशेबाबद्दल. कारण हा हिशेब चुकला की चांगला चाललेला धंदासुद्धा बुडीत वाटायला लागतो.

समजा, तुम्ही दिवाळी फराळाचं काम सुरू केलंत. 20 ग्राहकांपैकी 17 जणांनी परत मागणी दिली, तिघांनी नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवतात ते कोण? तेच तिघे! मग विचारांची रांग लागते : "मला धंदा जमतच नाही. लोकांना माझ्या मालाची किंमत नाही. पुढेही असंच होणार."

नीट बघा. पहिला विचार स्वतःबद्दल, दुसरा जगाबद्दल, तिसरा भविष्याबद्दल. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. आरोन बेक यांनी 1960 च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये नेमकी हीच तीन टोकं ओळखली. असे विचार आपण ठरवून करत नाही, ते आपोआप येतात. म्हणूनच ते खरे वाटतात.

खरा धोका पुढे आहे. "जमत नाही" असं वाटलं की आपण ग्राहकाला फोन करायचं टाळतो. फोन नाही म्हणून ऑर्डर नाही. ऑर्डर नाही की मन म्हणतं, "बघ, सांगत होतो ना!" म्हणजे विचारानेच स्वतःचा पुरावा तयार केला. हे चक्र फिरत राहिलं की उत्साह जातो, झोप बिघडते, माणसं नकोशी होतात.

करायचं काय? रोजमेळ लिहिता ना? त्याच वहीत मागच्या पानावर तीन रकाने आखा :

1. काय घडलं? – तीन ग्राहकांनी परत मागणी दिली नाही.
2. मनात काय आलं? – मला धंदा जमत नाही.
3. पुरावा काय? – 17 जण परत आले. तिघांना कारण विचारलेलंच नाही.

आता त्या तिघांपैकी एकाला उद्या फोन करा. एकालाच. कदाचित चकली खरंच कडक झाली असेल. मग चकली सुधारा, स्वतःला नापास करू नका. "सगळं छान आहे" असं मनाला पटवायचं नाहीये, फक्त जमा आणि खर्च दोन्ही बाजू लिहायच्या आहेत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नैराश्य फक्त विचारांमुळे येत नाही. आनुवंशिकता, शारीरिक आजार, कर्जाचा ताण अशी कारणंही असतात. तो आजार आहे, कमकुवतपणा नाही. उदासी दोन आठवडे किंवा जास्त टिकली, कशातच रस वाटेना, तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आत्ताच कुणाशी तरी बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे : 14416. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मशीन बिघडलं की मेकॅनिक बोलावताना आपण लाजत नाही. मग इथे कसली लाज?

वही आजच काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत!